पत्रास उत्तर : सहाव्या अध्यायाची पहिली आठ वचनं

ऑगस्टच्या अंकात मी एका वाचकाला चार ओळींचं उत्तर दिलं होतं. मुलगा समलिंगी आहे असं कळलं, आता त्याला प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि प्याला) द्यावं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. मी लिहिलं, ‘बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण झालंय, विश्वास आहे, तर द्यावं.’ त्या चार ओळींवर एकोणीस पत्रं आली. दोघांनी वर्गणी बंद केली. एकानं दुप्पट पाठवली (संपादकांनी जादाचे पैसे परत केले, हिशेब नीट राहावा म्हणून). एवढं टपाल गेल्या नऊ वर्षांत मला एकदाच आलं होतं, कबरस्तानातल्या जागेच्या प्रश्नावर.

म्हणून या खेपेला दुसरं काही घेत नाही. पत्रं कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सलाम. आपलं उत्तर वाचून दुःख झालं. लेवीय १८:२२, लेवीय २०:१३, रोमकरांस पत्र १:२६-२७, करिंथकरांस पहिलं पत्र ६:९, तीमथ्याला पहिलं पत्र १:१०. पाच ठिकाणी शास्त्र एकच सांगतं : समलिंगी संबंध पाप आहेत. आपण पस्तीस वर्षं बायबल शिकवलंत. शास्त्र हे देवाचं वचन आहे की दरवर्षी बदलणारं सरकारी परिपत्रक? आज हे सोडलं, तर उद्या काय सोडणार?
(निवृत्त मुख्याध्यापक, जालना जिल्हा)

उत्तर : सर, सलाम. परिपत्रकाची उपमा आवडली. तुम्ही मुख्याध्यापक होता हे वेगळं लिहायची गरज नव्हती.

तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण माझ्यासारखं बोलणारे पुष्कळ लोक ते करत नाहीत आणि मला त्याचा राग येतो. समलिंगी संबंधांमुळे नाश झाला असं सांगतात, त्या सदोम नगराचं पाप म्हणजे गर्व, पोटभर अन्न आणि गरिबाकडे पाठ, असं यहेज्केल १६:४९ सांगतो. ते वचन आता सगळ्यांना पाठ झालंय. पण पन्नासावं वचन लगेच ‘अमंगळ कृत्यं’ म्हणतं, ते कुणी वाचत नाही. ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शब्दांचंही तसंच. करिंथकरांना लिहिताना त्यानं दोन शब्द वापरलेत. ‘मालाकोय’ म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये मऊ कपड्यांना हाच शब्द आहे, त्यामुळे त्याच्यावर फार भार टाकता येत नाही. पण दुसरा, ‘आर्सेनोकोइताय’, इतका सहज सुटत नाही. आर्सेन म्हणजे पुरुष, कोइते म्हणजे बिछाना. लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे दोन शब्द शेजारीशेजारी बसलेत. पौलाच्या आधी हा जोडशब्द सापडत नाही, तेव्हा लेवीय डोक्यात ठेवूनच त्यानं तो घडवला असावा. ‘त्या शब्दाचा अर्थ कुणालाच माहीत नाही’ असं हल्ली भाषणांत ऐकते तेव्हा मला माझ्या नापास विद्यार्थ्यांची आठवण येते.

उलट्या बाजूनंही घोळ झालेत. अमेरिकेत १९४६ साली निघालेल्या सुधारित इंग्रजी नव्या करारानं हे दोन वेगळे शब्द एकत्र करून तिथं ‘होमोसेक्शुअल्स’ असा एकच शब्द छापला. १९७१ च्या आवृत्तीत त्यांनीच तो काढला. तो शब्द मुळात १८६९ साली एका जर्मन पत्रकात पहिल्यांदा छापला गेला. म्हणजे पौलाच्या तोंडी अठराशे वर्षांनंतरचा शब्द घातला गेला आणि पंचवीस वर्षं लोकांनी तो देवाचा म्हणून वाचला.

तर माझं वाचन असं : पौल पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवण्याबद्दलच बोलतोय आणि तो ‘नको’ म्हणतोय. वर्गात असंच शिकवलं, उद्या पुन्हा खडू हातात दिलात तरी असंच शिकवीन. त्याच्या डोळ्यांपुढे रोमी शहरांतली विकली जाणारी पोरं होती, गुलाम होते, धन्याची मर्जी होती. दोन बरोबरीची माणसं वीस-वीस वर्षं एकमेकांचं आजारपण काढतात, हे त्यानं कधी पाहिलं होतं का? मला वाटतं, बहुधा नाही. पण ‘बहुधा’वर मी घर बांधत नाही.

आता शास्त्राच्या अधिकाराकडे येते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढा. तुम्ही नववं वचन दिलंत, मी पहिल्यापासून वाचते. पौल कशानं एवढा संतापलाय? भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, आणि तेही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे. त्यापेक्षा अन्याय सोसा, त्यापेक्षा लुबाडून घ्या, असं तो सातव्या वचनात म्हणतो. आठ वचनं सलग हेच चाललंय. नवव्या वचनाची यादी या खटल्यांच्या रागातूनच निघते, आणि दहाव्यात ती लोभी, दारुडे, चहाडखोर यांना घेऊन पुढं जाते.

सर, आपल्या महाराष्ट्रात मंडळ्यांच्या (चर्चच्या) जागांवरून, मिशनच्या बंगल्यांवरून, शाळांच्या ट्रस्टवरून किती दावे चालू आहेत, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. धर्मादाय आयुक्त, मग दिवाणी कोर्ट, मग हायकोर्ट. वादी आणि प्रतिवादी दोघंही कमिटीत. एका मंडळीत (गाव सांगत नाही) प्रभूभोजनाची थाळी माझ्यापुढे धरणाऱ्या एका वडिलांच्या (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्याच्या) पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून समन्सची घडी डोकावत होती. शिक्का दिसत होता. तारीख मंगळवारची होती, हे मला दोन बाकं मागे बसलेल्या त्यांच्या प्रतिवादीनंच सांगितलं, आणि त्यानंही भाकर घेतली.

त्या दोघांना पहिली आठ वचनं दाखवून कुणी बाकावर बसवलं? मी तरी बसवलं नाही. शास्त्राचा अधिकार नवव्या वचनाला जेवढा, तेवढाच पहिल्याला. आपण ‘अधिकार, अधिकार’ म्हणतो तेव्हा बरेचदा दुसऱ्याला लागू होणाऱ्या वचनाचा अधिकार म्हणत असतो.

‘उद्या काय सोडणार?’ असं तुम्ही विचारता. काल काय सोडलं ते सांगते. लेवीय २५:३६-३७ : अडचणीतल्या भावाकडून व्याज घेऊ नको. स्तोत्र १५ तेच म्हणतं. मंडळीनं हे हजार वर्षांहून जास्त काळ शब्दशः पाळलं. ११७९ सालच्या लॅटरन परिषदेनं उघड सावकारी करणाऱ्याला प्रभूभोजनही नाकारलं आणि ख्रिस्ती दफनही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिननं तीच वचनं पुन्हा वाचली : गरिबाची पिळवणूक वेगळी, धंद्याचं भांडवल वेगळं. आज मंडळीच्या वार्षिक सभेत मुदत ठेवीवरचं व्याज वाचलं जातं तेव्हा कुणी उभं राहत नाही. उलट, ‘दुसऱ्या बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो’ म्हणून उभे राहतात. तुमचं शिक्षकांच्या पतसंस्थेत खातं असेलच.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र तुम्ही लिहिलाच नाहीत, म्हणून मीच लिहिते. १९८३ साली मी पहिल्यांदा उपदेशाला उभी राहिले तेव्हा दोन वडील उठून बाहेर गेले. तिसऱ्यानं नंतर तीमथ्याला पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, बारावं वचन वाचून दाखवलं : स्त्रीनं शिकवू नये. माझ्याकडे उत्तर होतं. शास्ते पुस्तकातली, इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा होती, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली मंडळीची सेविका फीबी होती, अपुल्लोला नीट समजावून सांगणारी प्रिस्किल्ला होती. म्हणजे शास्त्राला शास्त्रातूनच उत्तर देता आलं. समलिंगी जोडप्यांसाठी अशी दबोरा शास्त्रात नाही. दावीद-योनाथानाला किंवा रूथ-नामीला ओढून आणतात ते मला पटत नाही. रूथनं शेवटी बवाजाशी लग्न केलं.

याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. जवळात जवळचं जे सापडलं ते षंढाचं. जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (२३:१) सांगतं, अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. यशया ५६ त्याच माणसाला म्हणतो, ‘मी तर वाळलेलं झाड’ असं म्हणू नकोस, तुला माझ्या घरात मुलामुलींपेक्षा मोठं नाव देईन. दोन्ही शास्त्रच. मग कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा तो षंढ अधिकारी रथात बसून यशया ५३ वाचत येतो. गुंडाळी अजून थोडी उलगडली असती तर स्वतःचंच नाव सापडलं असतं. वाटेत पाणी दिसतं आणि तो विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला काय हरकत आहे? फिलिप्पाकडे अनुवाद २३ ची हरकत होती. त्यानं ती काढली नाही. षंढ आणि समलिंगी एक नव्हेत, हे मला कळतं, तेव्हा त्यावर पत्र पाठवू नका. पण शास्त्र स्वतःच लावलेलं दार स्वतःच उघडतं, हे मी त्या रथाजवळ शिकले.

नव्या कराराचे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड हेज यांचं १९९६ चं लिखाण मी वर्गात वापरत असे. त्यात ते तुमच्याच बाजूचे होते, आणि फार सभ्यपणे होते. २०२४ मध्ये मुलासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी मत बदललं, आपल्या आधीच्या शब्दांनी लोक दुखावले याचा खेद मांडला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं, देवाची दया शास्त्रभर रुंदावत जाते. खरं सांगू? पुस्तक मला अर्धवट वाटलं. ज्या वचनांवर सगळं अडलंय त्यांना त्यांनी वळसा घातला. पण पंचाहत्तरीनंतर ‘मी चुकलो’ म्हणणारा विद्वान मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि प्रश्न विचारणारे शास्त्र सोडतात, ही भीती मराठी ख्रिस्ती माणसानं तरी बाळगू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि दोन वर्षांच्या आत तिथल्याच मठातल्या सिस्टर जेरल्डिनशी त्यांचा खडाजंगी पत्रव्यवहार सुरू होता. बिशप बोलले म्हणून प्रत्येक शब्द मी मानणार नाही; आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर. त्याच बाईंनी पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच तो छापला. माझी आजी तिथं खिळे जुळवायला होती. नखातली शाई मरेपर्यंत गेली नाही असं ती सांगायची, ते अर्थात खोटं होतं, पण उलटी अक्षरं ती सुलट्यापेक्षा भरभर वाचायची ते मी पाहिलंय. बिशपांचं मुकाट्यानं ऐकणाऱ्यांपैकी शास्त्रावर एवढी मेहनत कुणी केली, तुम्हीच सांगा.

प्रश्न : अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी समलिंगी पाळकांवरची आणि लग्नांवरची बंदी उठवली असं वाचलं. मग आपल्यालाही तसं करावं लागणार का?
(एक मेथडिस्ट वाचक, मुंबई)

उत्तर : नाही. तुमची मंडळी १९८१ पासून स्वायत्त आहे, तिचे नियम तिची स्वतःची परिषद करते. तिकडचं थोडक्यात असं : समलिंगी संबंध ‘ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत’ आहेत, हे शब्द त्यांच्या नियमांत १९७२ मध्ये आले. २०१९ मध्ये सेंट लुईसला ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी आणखी कडक झाली. नंतरच्या काळात तिथल्या जवळपास पावभर मंडळ्या बाहेर पडल्या, आणि २०२४ मध्ये शार्लटला ते शब्द काढले गेले. बाहेर पडणाऱ्यांच्या इमारतींचे वाद झाले की नाही, हे विचारू नका. पुन्हा सहावा अध्याय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं मला स्वयंपाकघरात सांगितलं. त्याचे पप्पा तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. नणंद म्हणते, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. स्थळ आलंय, मुलगी नर्स आहे, देवभिरू आहे. एक प्रचारक म्हणतात तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेला आणा, बंधन तुटेल. मी काय करू?
(एक आई, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : बाई, ते स्थळ आजच नाकारा. पुढचं वाचायच्या आधी फोन करा, मी थांबते.

१९९४ साली आमच्याकडे एक तरुण आला होता. माझे यजमान तेव्हा पाळक होते. तुमच्या मुलानं जे स्वयंपाकघरात सांगितलं ते त्यानं आमच्या व्हरांड्यात सांगितलं. आम्ही दोघांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, रडलो, आणि तीन महिन्यांत त्याच्यासाठी मुलगी शोधली. डी.एड. झालेली, हसरी, आवाज गोड. तिच्या डोक्यावरच्या वेलला लेस मी लावली. यजमानांनी इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर, नवराबायकोच्या नात्यावर, उपदेश केला. सगळ्यांना फार आवडला.

तीन वर्षांनी ती एकटी आमच्याकडे आली. लग्नात आम्ही दिलेलं शास्त्र पिशवीतून काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “बाई, तुम्हाला माहीत होतं?” यजमान चहाच्या कपाकडे बघत राहिले. मी ‘हो’ म्हणाले. ती चहा न घेता गेली. ते शास्त्र अजून माझ्या कपाटात आहे, आतल्या पानावर माझ्याच अक्षरात दोघांची नावं आहेत.

त्या मुलाचं पाप काय, यावर आम्ही रात्ररात्र बोललो होतो. त्या मुलीबद्दल पाच मिनिटं बोललो नाही. तुमच्याकडे आलेली ती नर्स कुणाची तरी लेक आहे, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

शिबिराचं म्हणाल तर, प्रार्थनेला मी कधी नको म्हणणार नाही. पण ‘बंधन तोडणाऱ्यां’च्या हाती पोरगं देऊ नका. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची मोठी ख्रिस्ती संस्था याच कामासाठी सदतीस वर्षं चालली. २०१३ मध्ये तिच्या प्रमुखांनीच लोकांची माफी मागितली आणि संस्था बंद केली. बहुतेकांची ओढ बदललीच नाही, हे त्यांनीच कबूल केलं होतं. विरोधकांनी नव्हे, त्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा ‘बदलण्याचा’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी गोळ्या किंवा झटके सुचवले तर तिथून उठा.

पप्पांचं लवकर होणार नाही. त्यांच्याशी वचनांवर वाद घालू नका, ते तुम्हाला पाच दाखवतील आणि तुम्हाला सहावं सापडणार नाही. नाताळच्या फराळाला पोराला आठ दिवस आधी बोलवा. करंज्या लाटायला दोघांना एका पाटाशी बसवा. बोलले नाहीत तरी चालेल, साच्याची देवघेव तर करतील.

प्रश्न : पोपनी समलिंगी लग्नाला परवानगी दिली, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? आणि हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ नाही का?
(एक वाचक, वसई)

उत्तर : नाही, खरं नाही. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, १८ डिसेंबर २०२३ ला, रोमहून एक निवेदन निघालं. त्यानुसार अशा जोडप्याला धर्मगुरू छोटासा, उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतो. तो उपासनेचा विधी नाही, लग्नासारखा दिसता कामा नये, आणि विवाहाची शिकवण जशी होती तशीच. आफ्रिकेतल्या बिशपांनी तेवढंही आपल्याकडे नको म्हणून कळवलं. तुमच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २३५७ वा परिच्छेद ही कृती चूक म्हणतो आणि लगेच २३५८ वा सांगतो की या माणसांना आदरानं, करुणेनं, हळुवारपणे स्वीकारावं. ग्रुपवर पहिला परिच्छेद फिरतो, दुसरा फिरत नाही.

अँग्लिकन बिशपांच्या १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेचंही असंच. ५२६ विरुद्ध ७० मतांनी त्यांनी समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरवले, ते सगळ्यांना माहीत. त्याच ठरावात समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घेऊ अशी कबुलीही होती. ऐकण्याचं काम तेव्हापासून बाकी आहे.

पाश्चात्त्यांच्या खुळाबद्दल : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं तीनशे सत्त्याहत्तर कलम आपल्याकडे कुणी आणलं? १८६० च्या दंडसंहितेतून इंग्रजांनी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं. त्याआधी, २०१३ मध्ये न्यायालयानं ते कलम पुन्हा लागू केलं तेव्हा काही ख्रिस्ती संघटना कलमाच्या बाजूनं उभ्या होत्या. आणि मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस मात्र म्हणाले होते की या माणसांना आम्ही कधी गुन्हेगार मानलेलं नाही. लग्नाचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं तो हक्क दिलेला नाही, त्यामुळे आपल्या देशात कुठल्याही पाळकाला असं लग्न नोंदवता येत नाही. ‘उद्या चर्चमध्ये जबरदस्तीनं लावायला लावतील’ हाही मेसेज फिरतोय म्हणे. तो पुढं पाठवू नका.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे. सहा वर्षं उपासनेत कीबोर्ड वाजवतो. मी कुणाबरोबर राहत नाही, काही केलेलंही नाही, फक्त एका मित्राला सांगितलं आणि ते कमिटीपर्यंत गेलं. आता ‘बरा झालो अशी साक्ष दे, मग वाजव’ म्हणतात. कीबोर्डवर कापड घातलंय. प्रभूभोजनाला उठावं की बसून राहावं? आणि पुढं जन्मभर एकटंच राहायचं का?
(नाव-गाव छापू नये)

उत्तर : बाळा, तुझं पत्र सगळ्यात लहान होतं आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

प्रभूभोजनाचं सोपं आहे. त्याच पत्राचा अकरावा अध्याय, अठ्ठाविसावं वचन : माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. स्वतःची. शेजारच्याची करावी असं तिथं लिहिलेलं नाही, कमिटीनं करावी असंही नाही. उठ आणि जा. थाळी धरणाऱ्यानं हात आखडला तर ती त्याची परीक्षा.

न झालेल्या गोष्टीची साक्ष देऊ नकोस. दहा आज्ञांत खोट्या साक्षीबद्दल आहे, ते ग्रीकशिवायही कळतं.

जन्मभर एकटं राहण्याबद्दल मी तुला हुकूम देणार नाही. काही जण शास्त्राचं तुझ्या कमिटीसारखंच वाचन करून, कुणी न सांगता, स्वतः ब्रह्मचर्य पत्करतात. मी अशा एका माणसाला ओळखते आणि त्याच्यापुढे मान लववते. पण पौल सातव्या अध्यायात त्याला दान म्हणतो, प्रत्येकाला वेगळं. दान दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नसतं. उद्या तू कुणाबरोबर घर केलंस तर मी काय म्हणेन? लग्नाचा विधी करायला मी पाळक नाही, आणि असते तरी आज मला तो करता आला असता असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. शास्त्र मला तिथपर्यंत नेत नाही, मागंही ढकलत नाही. मी तिथं उभी आहे. पण तुमच्याकडे जेवायला नक्की येईन.

कीबोर्डचं. तुमच्या कमिटीवर माझा काही जोर नाही. आमच्या मंडळीत पेटीवर बसणाऱ्या काकांचे हात आता थरथरतात, आणि नाताळची गाणी बसवायला कुणी नाही. पुण्याला येणं होत असेल तर संपादकांकडून माझा नंबर घे. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सराव असतो. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आणू नकोस, आमच्याकडे ढीग आहे. फक्त पट्टी काळी एकच्या वर घेऊ नकोस, आमच्या म्हाताऱ्यांचा आवाज पोचत नाही.